साळोबाच्या तीन पेट्या

ही गोष्ट सांगू नको, असं मला काकाने बजावलं आहे. म्हणून हळू सांगते. मुलांनो, जवळ सरका. कुणी विचारलंच, तर म्हणा की जंगलातली आहे.

तर एका जंगलात साळोबा नावाचं साळिंदर राहत होतं. साळोबाला एकदा समुद्र पाहायचा होता. लांबच्या रस्त्याने, मोटरसायकलवर, एकट्याने. एकट्याने जाणं सोपं होतं. अंगावरच्या काट्यांमुळे त्याच्या मागे बसायला कुणी कधी धजलंच नव्हतं.

तो शोरूममध्ये गेला. तिथे विक्रेता सरडा होता. रंग दाखवायला त्याला पत्रक लागत नसे. गिऱ्हाईक म्हणेल तो रंग तो अंगावर आणून दाखवी.

"साधं मॉडेल दाखवा," साळोबा म्हणाला.

सरडा करडा पडला. "दाखवतो की. तुमच्या शेजारच्या भागूताई घोरपडीने कालच नेलं. दोन चाकं, एक दिवा, एक सीट. पोचतं म्हणा समुद्रापर्यंत." मग तो हळूहळू सोनेरी झाला. "पण तुमच्यासारख्याने वरचं घ्यावं. पुढे काच, मागे टेकायला गादी आणि तीन मोठ्या पेट्या."

"माझ्या मागे टेकणार कोण?"

"ती टेकण्यासाठी नसते, साहेब. शेजाऱ्यांनी बघण्यासाठी असते."

साळोबाला हे पटलं.

गाडी घरी आली. भागूताई तर पहाटेच आपल्या गाडीला घट्ट चिकटून निघून गेली होती. साळोबाने हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळं जंगल पेढे खायला आलं. पेढे संपल्यावर सगळ्यांचं लक्ष पेट्यांकडे गेलं.

"समुद्राकडे का?" सांबरीणकाकू म्हणाल्या. "जातोच आहेस, तर एवढी चिंच माझ्या बहिणीकडे टाक. वाटेतच आहे."

वाटेत नव्हती. पण पेटी रिकामी होती, आणि रिकाम्या पेटीसमोर नाही म्हणता येत नाही.

मग रानडुकराने कंद दिले. माकडिणीने बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू दिले, वर बजावलं, "वाटेत खाऊ नकोस हं."

साळोबा घरोघरी गेला. घरोघरी चहा झाला. आणि रिकामा डबा कुणी परत पाठवत नसतं. चिंचेच्या डब्यातून चकल्या आल्या, लाडवांच्या डब्यातून पापड. ते पोचवले, की त्या डब्यांतून आणखी काहीतरी. साळोबाने जंगलातल्या सगळ्या मावश्या पाहिल्या. समुद्र तेवढा राहिला.

एकदा मात्र पेट्या खरंच रिकाम्या झाल्या. साळोबाने घाईने किल्ली फिरवली. तेवढ्यात समोरून भागूताई आली. अंगावर मीठ, शेपटीला वाळू.

"पाहिलास समुद्र?" साळोबाने विचारलं.

"पाहिला. मोठा आहे." तिने पानात गुंडाळलेला एक शंख काढला. "तू निघालास का कुठे? जातोच आहेस, तर हा माझ्या मामीला दे. डोंगरापलीकडे राहते."

डोंगर एका बाजूला होता आणि समुद्र दुसऱ्या. साळोबाने शंख कानाला लावला. आत काहीतरी गाजत होतं. त्याने ते बराच वेळ ऐकलं.

मग त्याने पेटी उघडली.

तात्पर्य: गाडी घेताना वरचंच मॉडेल घ्यावं. साध्या मॉडेलवाल्याला नुसता समुद्र दिसतो. वरच्या मॉडेलवाल्याला आपण सगळ्यांना किती हवेसे आहोत ते कळतं. आणि ज्याला समुद्रच पाहायचा असेल, त्याने पेट्यांबद्दल घरात कुणालाही, विशेषतः वहिनीला, कधीही—

आले, आई. हो, काका अजून निघाला नाहीये. त्याची डावी पेटी रिकामी आहे, पण लोणच्याची बरणी तिच्यात उभी राहणार नाही.