विचाराधीन माणूस

अखेर त्या जागेवर त्याचा मेहुणा रुजू झाला. हे वाक्य वाचकांनी वाचलेलेच नाही असे समजून पुढे जावे. निकाल आधी कळला, तर विचार करणाऱ्याचा अवमान होतो.

माणसाची किंमत हातात असलेल्या नोकरीवरून ठरत नाही, मिळू शकणाऱ्या नोकरीवरून ठरते. आपला माणूस फर्निचरच्या कारखान्यात खुर्ची-तपासनीस होता. तयार खुर्चीवर बसायचे, डावीकडे कलायचे, उजवीकडे कलायचे, करकर ऐकू आली की खडूने फुली मारायची. (दिवसभर बसून काम करणाऱ्याला घरी कोणी बसू देत नाही, हा निसर्गनियम आहे.) एके दिवशी दुसऱ्या कारखान्याने त्याला 'मुख्य खुर्ची-तपासनीस' म्हणून बोलावले. उत्तर आठवडाभरात द्यायचे होते.

त्याच संध्याकाळी घरातली हवा पालटली. बायको म्हणाली, "अहो, ती पिशवी ठेवा खाली. भाजी मी आणते. तुम्ही पंख्याखाली बसा, तुम्हाला विचार करायचाय." आईने टीव्हीचा आवाज कमी केला. (यापूर्वी तो फक्त वीज गेल्यावर कमी होत असे.) कारखान्यात जे साहेब त्याला "ए करकर!" अशी हाक मारत, ते चक्क खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाई करू नका हं. तुमच्यासारखं बसणं कुणाला जमत नाही."

मग सल्लामसलत सुरू झाली. विचारलेल्या शंभर जणांपैकी सत्तर 'घे' म्हणाले आणि सत्तर 'घेऊ नकोस' म्हणाले (चाळीस जण दोन्हीकडे होते). शेवटी "पण बाबा, निर्णय तुझा," म्हणून सगळ्यांनीच हात झटकले. जीव तोडून चौकशी केली ती एकट्या मेहुण्याने.

"भाऊजी, कारखाना नक्की कुठे म्हणालात? भेटायचं कुणाला? तुम्ही बसा निवांत, मी आपला बघून येतो."

"किती रे धावपळ करतोस माझ्यासाठी!" असे म्हणत त्याने पत्ता दिला. वर रिक्षाचे पैसेही दिले.

इकडे पंख्याखाली त्याला एक भयंकर गोष्ट उमगली. हो म्हटले, तर सोमवारपासून आपण तिथले नवखे. कुणीही यावे आणि टपली मारून जावे. नाही म्हटले, तर घरबसल्या आलेली संधी लाथाडणारे दीडशहाणे. पण विचार चालू आहे तोवर दोन्ही कारखाने, बायको, आई आणि पंखा, सगळे आपलेच! तेव्हा कोणीही सुज्ञ माणूस करील तेच त्याने केले. विचार चालू ठेवला. मुदतीच्या दिवशी तिकडून फोन आला, तोही बायकोनेच घेतला.

"ते विचारात आहेत," ती अभिमानाने म्हणाली. "नंतर करा."

नंतर कोणी केला नाही. दुसऱ्या दिवशी टीव्ही पूर्ववत ओरडू लागला आणि साहेबांच्या तोंडून 'तुम्ही' गेले ते गेलेच. पण एवढ्याने खचेल तो आपला माणूस कसला! त्याने त्या कारखान्याला रीतसर अर्ज धाडला :

"महोदय, आपल्या प्रस्तावावर निर्णय घेण्याची मुदत माझ्या निवृत्तीपर्यंत वाढवून मिळावी, आणि तोपर्यंत सदर जागा कोणालाही, विशेषतः मला, देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.

प्रत माहितीसाठी : 'मला बाहेर केव्हाच मिळाली असती, पण म्हटलं जाऊ दे' असे घरी सांगणारे सर्व वाचक."