मझार काय शे?

बंद डबा दिसला की देवरेअण्णा विचारत, "मझार काय शे?" आत काय आहे, एवढाच प्रश्न, पण अण्णा मूळचे सटाण्याकडचे, आणि हा प्रश्न ते अहिराणीतच विचारत. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या एका लग्नात त्यांनी आहेराचं खोकं नवरदेवाच्या हातातून घेऊन कानाशी हलवलं होतं. "काच आहे," असं जाहीर करून मग ते पंगतीला बसले.

मालगाडीचे गार्ड म्हणून ते निवृत्त झाले होते. घरी एकटेच असत. पुढे शहरात बातमी पसरली, की अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन नाशिकवरून नेणार आहेत. रेल्वेने की रस्त्याने, कोणालाच ठाऊक नव्हतं. लगेच विरोध समिती निघाली. ते ज्या पिंपातून नेतात ते इतकं जाड असतं की काही होत नाही, असं सांगणारेही निघाले. अण्णा अर्थातच समितीत गेले. एवढा मोठा बंद डबा त्यांना पूर्वी कधी मिळाला नव्हता.

पहिली कारवाई त्यांनी एकट्यानेच केली. आग्रा रोडवर ट्रेलरवरून एक भलीमोठी पोलादी टाकी ताडपत्रीखाली चालली होती. अण्णांनी स्कूटर आडवी घातली.

"मझार काय शे?"

"खाली है, चाचा."

"खाली, तर झाकलंय कशाला?"

समितीचे लोक फलक घेऊन धावले, मागोमाग आम्ही वार्ताहर. टाकी निफाडकडच्या एका नव्या वाइनरीची निघाली. तोवर अण्णा ड्रायव्हरला शेजारच्या टपरीवर मिसळ खाऊ घालत होते.

समितीचे अध्यक्ष कुलकर्णी वकील भडकले. "अण्णा, आपण गाडी अडवतोय की पाहुणचार करतोय?"

"अडवला म्हणून उपाशी ठेवू का त्याला?"

मग जाहीर सभा ठरली. सरकारी अधिकारी उत्तरं द्यायला येणार होते. मालगाड्या वस्तीत तासन्‌तास उभ्या राहतात, हे अण्णांनी सांगायचं, म्हणजे अधिकारी अडचणीत येतील, असा वकिलांचा बेत होता. "तेवढंच बोला," त्यांनी दोनदा बजावलं.

अण्णा उठले. "साहेब, शेवटच्या डब्यात गार्ड असेल ना?"

"असेल."

"त्याला सांगणार का, मझार काय शे?"

"सुरक्षेचा प्रश्न असतो. आवश्यक तेवढं सांगू."

"आम्हालाही आवश्यक तेवढंच सांगायचे. आणि त्याच्याशी बोलणार कोण?"

"वॉकीटॉकी असते आता."

"ती कामापुरती. काम नसताना कोण बोलणार?"

सभागृह हसलं. वकिलांनी कपाळाला हात लावला. अण्णा मात्र उभेच राहिले. "गाडी आडरानात थांबते, साहेब. इंजिन लांब, पुढे. मागे आपण एकटे. मी डब्याच्या दाराशी बोलायचो."

हसू विरलं. सभा पुढच्या प्रश्नावर गेली. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हा संवाद आला नाही. बातमी मीच दिली होती, जागा कमी होती.

ते इंधन आमच्याकडून कधी गेलं की नाही, हे आजही सांगता येत नाही. आमच्या कॉलनीमागे मालगाडी सिग्नलला थांबली, की अण्णा हातातलं काम टाकून कुंपणापाशी जात. गाडीत झाकलेले डबे असत, पण तिकडे ते बघतही नसत. पार शेवटच्या डब्यापर्यंत चालत जात आणि वर बघून विचारत,

"जेवला का, भाऊ?"