पायलटच्या डोळ्यावर पडदा

विमानाच्या बाबतीत नत्थुजीला कोणी काही शिकवावं, असं अकोला-अमरावतीच्या मधल्या त्या धावपट्टीवर आजवर घडलं नव्हतं. एकवीस वर्षं तो तिथला चौकीदार होता. त्या दिवसांत वऱ्हाडात कपाशी गेली की दिल्लीचं पथक यायचं, आणि पथक आलं की विमान उतरायचं. एरवी धावपट्टीवर कुत्री झोपायची. विमान उतरताना नत्थुजी असा ताठ उभा राहायचा, की गावाला वाटे हाच ते उतरवतो. ती समजूत त्याने कधी खोडून काढली नाही. विमानात मात्र तो एकदाही बसला नव्हता.

२०१५च्या ऑक्टोबरात तपासणीचं छोटं विमान आलं. ढग खाली आले की इथे येणारी विमानं उतरायचं सोडून नागपूरला वळायची. आता उपग्रहांच्या मदतीने आकाशात एक न दिसणारा उतार आखला होता. खालचं काही दिसो न दिसो, पायलटने त्या उतारावरून नीट धावपट्टीच्या तोंडाशी यायचं. तो उतार बरोबर आखलाय का, ते पाहायला ही मंडळी आली होती. त्यांच्यातली इंजिनिअर निखत मूर्तिजापूरची निघाली.

"नत्थुकाका, या उताराच्या आड येतीन असे मोबाईलचे नवे टॉवर इकडं कुठं कुठं झाले, ते वरून दाखवसान काय? एक सीट खाली हाय."

नत्थुजीने सदऱ्याची बटणं लावली. निखत पुढे बरंच काही समजावत होती. विमान पाच वेळा खाली येईल, पण टेकणार नाही, पुन्हा वर जाईल वगैरे. नत्थुजी मान डोलवत होता आणि कानाला फोन लावून बायकोला सांगत होता, "गोदे, चाबी घेऊन ये. गेट उघड अन् सगळ्यायले आत बसव. दहा वाजता मी उतरून राहिलो."

विमान उडालं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी सीट धरली. डोक्यावरचा हेडफोन टोचत होता म्हणून त्याने काढून ठेवला. दहाच्या सुमाराला विमान खाली झुकलं. धावपट्टी मोठी होत गेली. कुंपणाच्या आत गोदाबाई, पार्बताबाई, भजनाच्या साऱ्या बाया, हातात आरतीचं ताट. नत्थुजीने टोपी सरळ केली. तेवढ्यात इंजिन गरजलं, आणि विमान सगळ्यांच्या डोक्यांवरून वर निघून गेलं.

चुकलं असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा त्याने पुढे वाकून पाहिलं. डावीकडच्या पायलटच्या समोरच्या काचेवर काळा पडदा लावलेला होता. त्या माणसाला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. उजवीकडचा पायलट खिडकीतून मजेत शेतं पाहत बसला होता.

निखत लॅपटॉपकडे पाहत ओरडून म्हणाली, "एक उपग्रह गेला."

"कुठं गेला?" नत्थुजीने विचारलं. कोणाला ऐकू गेलं नाही.

चौथ्यांदा विमान वर चढलं तेव्हा त्याचा धीर सुटला. खिशातला फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. त्याने तो गुडघ्यांमध्ये धरून लावला. "गोदे, विमान उतरून नाई राहिलं. पायलटच्या डोळ्यापुढं पडदा हाय. त्याले धावपट्टीच दिसत नाई." फोन कटला.

खाली गोदाबाईने ताट जमिनीवर ठेवलं. "पायलटच्या डोळ्यावर पडदा आला," ती म्हणाली.

"मोतीबिंदू," भजनातल्या तानुबाईने सांगितलं. तिचा नुकताच निघाला होता.

मग कोणी कोणाचं ऐकेना. आंधळ्या माणसाला धावपट्टी दाखवायची तर ती ठळक दिसली पाहिजे. गावातल्या किसनरावने ट्रॅक्टर आणून मधोमध उभा केला आणि दिवे लावले. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा आणून पेटवला. बायांनी घराघरातून लाल लुगडी आणून पट्टीभर अंथरली. विमानाशी बोलायला खाली रेडिओवर बसवलेला तपासणीचा साहेब हात जोडून फिरत होता. लोकांना अडवायला त्याला मदत करणारा एकमेव माणूस, म्हणजे चौकीदार, वर विमानात होता.

पाचव्या खेपेला उजवीकडच्या पायलटने एकदम सरळ बसून विमान वर ओढलं. पडदा बाजूला झाला. आता सगळ्यांनाच खालचं दिसलं. धूर, ट्रॅक्टर, लाल पट्टे, आणि ट्रॅक्टरच्या टपावर उभी गोदाबाई.

"हे काय होऊन राहिलं?" निखत म्हणाली. तिने हेडफोनवर काही ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "खालचा साहेब म्हणते, बाया हटत नाईत. आपल्याजवळ अर्ध्या तासाचं इंधन हाय. जवळच्या पट्ट्या बंद हायेत, अन् तेवढ्यात नागपूर येत नाई."

आतापर्यंतची भीती नत्थुजीला खेळातली वाटू लागली. ही खरी होती, आणि ती त्यानेच ओढवून घेतली होती. "बाई," तो म्हणाला, "म्या फोन केला होता." आणि त्याने सगळं सांगितलं.

निखत पायलटकडे वळली. मग त्याला विचारून ती म्हणाली, "लावा पुन्हा. सांगा त्यायले."

"गोदे, आयक. काई झालं नाई. तपासणी हाय ही. मलेच समजलं नाई. चूक माही हाय."

पलीकडून हुंदका आला. बत्तीस वर्षांच्या संसारात 'चूक माही हाय' हे शब्द गोदाबाईने ऐकले नव्हते. "बाया वो," ती रडत म्हणाली, "याईचं काई खरं नाई. माफी मांगून राहिले."

"अवं, मी बरा हावो."

"मले समजावू नका. तुमाले काई खा-प्यावं वाटते काय?"

विमान गोल फिरत होतं. काटा खाली सरकत होता. पायलट मागे वळून वळून पाहत होता. नत्थुजीच्या हातातून फोन निसटायला लागला, आणि अचानक त्याचा संताप उसळला. "धावपट्टीवर पऱ्हाटी पेटवाले कोनं सांगतलं तुले? अक्कल हाय काय? नवं लुगडं अंथरून बसली, ते काय तुह्या भावानं दिलं? उतर त्या ट्रॅक्टरवरून!"

गोदाबाईने डोळे पुसले. "बरे हायेत," ती सगळ्यांना म्हणाली. "नेहमीसारखे बोलून राहिले. उचला लुगडे."

नऊ मिनिटांत पट्टी मोकळी झाली. विमान टेकलं. नत्थुजीला उतरवायला दोघं लागले.

पाचवी खेप वाया गेल्याने ती दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची ठरली, आणि टॉवरही कोणी दाखवले नव्हते. निखतने नत्थुजीकडे पाहिलं. गेटावर माणूस लागते, असं तो म्हणाला. मग गोदाबाईने पदर खोचला. "जागा हाय तं मी येतो."

दुसऱ्या दिवशी ती गेली. नवे सात टॉवर बोटाने दाखवून, एक इथे होणार आहे हेही सांगून ती खाली उतरली. नत्थुजी गेटाच्या खांबाला धरून उभा होता. अख्खा वेळ त्याने वर पाहिलं नव्हतं.

"वरून मेळघाटाचे डोंगर किती निळे दिसतेत वो," ती म्हणाली. "काल तुमाले दिसले काय?"

"दिसले ना," नत्थुजी म्हणाला, आणि कुत्री हाकलायला निघून गेला.