सासऱ्यांच्या काथ्यावर भुताच्या टोप्या

"या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाद्रीबाबा माझ्या हातची अळंबी जेवणार! नाही जेवले तर नाव बदलून ठेवा माझं!"

पेसामिनोने ही गर्जना केली ती चर्चहून परतल्यावर, भरल्या पंगतीत, तोंडात तारोच्या कंदाचा घास असताना. पाद्रीबाबांचे डोळे चमकले. ऑकलंडला शिकायला असताना ते रोज सकाळी लोण्यात परतलेली अळंबी खात, आणि ती आठवण निघाली की आजही त्यांचं प्रवचन लांबत असे. आता शब्द गेला होता, तोही खुद्द पाद्रीबाबांना!

सासरे सेऊमालो यांनी मात्र जावयाकडे न बघताच विचारलं, "भुताच्या टोप्या? त्या आम्ही पायानं उडवतो. आमच्या घरात पाहुण्यांना वाढत नाहीत."

सेऊमालो हे घराण्याचे मताई, म्हणजे कुटुंबप्रमुख. जावई हा प्राणी त्यांना मुळातच पटलेला नव्हता. पेसामिनो आपिया शहरातून येऊन सासुरवाडीत राहिलेला. त्याला होडी वल्हवता येत नसे, नारळावर चढला की उतरवायला माणसं लागत. शेतकी खात्याच्या तीन दिवसांच्या वर्गातून तो अळंबीचं बियाणं घेऊन आला, तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी होती: म्हाताऱ्याने एकदा, फक्त एकदाच, "शाब्बास" म्हणावं.

सुरुवात झकास झाली. स्वयंपाकाच्या खोपटामागे पत्र्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये गवत भरलेल्या पिशव्या आतल्या बुरशीनं पांढऱ्याशुभ्र झाल्या. आता त्यांवर काथ्याचं पांघरूण घातलं की अळंबी डोकं वर काढणार. वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं, "काथ्या ताजा नको. नारळाच्या ताज्या सोडणाचा लाल अर्क अळंबीला मारतो. पाण्यात चांगला मुरलेला, मऊ झालेला घ्या."

"नारळाच्या गावात काथ्याला काय तोटा?" पेसामिनो बायकोला, फुआतिनोला, म्हणाला.

तोटाच तोटा होता! गावात माणसांपेक्षा नारळ जास्त, पण सोडणं म्हणाल तर निघाली की भट्टीत. भट्टीतून वाचली ती डुकरांच्या पायाखाली. जुन्या खोबऱ्याच्या कोठारात ढीगभर भुसा सापडला. त्यात हात घातला आणि लाल मुंग्यांनी कोपरापर्यंत स्वागत केलं. इकडे पिशव्या तयार होऊन बसलेल्या आणि पाद्रीबाबा रस्त्यात भेटले की पोटावरून हात फिरवणारे. पेसामिनोची झोप उडाली.

"चर्चच्या दारातलं पायपुसणं काथ्याचंच आहे," फुआतिनोने सुचवलं.

"अगं, त्यावर सगळ्या गावाचे पाय पुसलेत!"

"मग तुझी अळंबी देवाला जवळची होईल."

आणि मग, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर डोकं धरून बसलेला असताना, त्याला ती दिसली. उथळ पाण्यात दगडांखाली नीट रचून ठेवलेली नारळाची सोडणं! मुरलेली, मऊ, बोटांनी सुटणारी. कुणाची ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नव्या सभागृहाचं छप्पर खिळ्यांनी नव्हे तर आफाच्या, म्हणजे काथ्या वळून केलेल्या दोरीनं बांधायचं, आणि ती दोरी आपल्या हातची असायची, असं सासऱ्यांनी गावाला वचन दिलं होतं. त्यासाठी कित्येक महिने ही सोडणं समुद्रात मुरत होती.

"चार टोपल्या घेतल्या तर काय कळतंय!" पेसामिनोने स्वतःची समजूत घातली. घेतल्या. माणूस मुळात सज्जन असल्यामुळे त्याने दगड पुन्हा जागच्या जागी सुबक रचूनही ठेवले. सोडणं कुटली, पिंजली, पिशव्यांवर पसरली आणि त्या रात्री लेकरासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून जी आरोळी आली, ती ऐकून डुकरंसुद्धा गप्प झाली.

"चोर! माझ्या काथ्याला चोर लागला!"

त्या संध्याकाळी गावसभा बसली. आपल्या गावात घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे सभेत कोण काय बोलतं ते सगळ्यांनाच ऐकू येतं. पेसामिनो खांबाआड बसून ऐकत होता.

"चोराच्या घराला दंड ठोका!" सेऊमालो गरजले. "पेटीभर डबाबंद मासळी!"

सभेने माना डोलावल्या.

"पेटी कसली? दहा पेट्या!"

पुन्हा माना डोलल्या. घरातल्या कुणीही काशी केली तरी दंड भरतो तो त्या घराचा मताई, हा गावाचा कायदा. आणि पेसामिनोच्या घराचा मताई तिथे उभा राहून, छाती ठोकत, स्वतःलाच दंड वाढवत चालला होता!

"आणि वर," म्हाताऱ्याने हात उंचावला, "चोराच्या घरातली सगळ्यांत मोठी डुकरीण! दयामाया नाही!"

चोराच्या घरातली सगळ्यांत मोठी डुकरीण म्हणजे लुपे. लुपे म्हणजे तिथल्या बोलीत कबुतर. चार माणसांना न उचलवणाऱ्या त्या कबुतराला सेऊमालो स्वतःच्या हाताने पिकली पपई भरवत. बायकोशी ते दिवसातून दोन वाक्यं बोलत, लुपेशी तासभर.

"तू आत्ताच्या आत्ता सांगून टाक," फुआतिनो रात्री कुजबुजली.

"सांगतो ना! अळंबी उगवली की सांगतो. ती बघून बाबांचा राग निवळेल."

"आणि नाही उगवली तर?"

पेसामिनोने पांघरूण डोक्यावर ओढलं. कारण सकाळीच सासऱ्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "जावईबापू, तुम्हाला दुसरं काही येत नाही, पण डोळे आहेत. आजपासून काथ्यावर पहारा तुमचा. चोर परत येईलच."

चोर रोज येत होता! ओहोटीला येऊन दगडावर बसत होता, आणि स्वतःला पकडत नव्हता. भरती आली की धावत शेडमध्ये जाऊन पिशव्या तपासत होता. पिशव्या ढिम्म. एक टाचणीएवढा कोंब नाही. त्याने पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली, शेवटी हात जोडले. दिवसागणिक तो वाळत चालला आणि सासरे कौतुकाने सांगत सुटले, "बघा, पहाऱ्यापायी पोरानं अन्न सोडलंय!"

हे ऐकून तर त्याला रडूच फुटलं.

शेवटचा रविवार उजाडला. पाद्रीबाबा आले ते थेट शेडकडेच वळले. "कुठं आहेत आमची बाळं?" मागोमाग सासरे. पेसामिनो दारात आडवा झाला, "आत अंधार आहे, विंचू आहेत," असं काहीबाही बोलला. दोघं त्याला ओलांडून आत गेले.

पिशव्या ओक्याबोक्या होत्या.

"उशीर लागतो कधीकधी," पाद्रीबाबा खिन्नपणे म्हणाले. सेऊमालो पिशवीपाशी बसले. बोलता बोलता काथ्या वळायची त्यांच्या हाताला जन्माची सवय. नकळत त्यांनी पिशवीवरची चिमूट उचलली, मांडीवर ठेवली, तळव्याने एकदा वळली. सुंदर, लांब, सोनेरी पीळ पडला. हात थांबला. मग त्यांनी तो धागा हळूच जिभेला लावला.

पेसामिनोने डोळे मिटून घेतले.

"खारट," सासरे म्हणाले. मग अगदी शांतपणे, "समुद्रात मुरवलेल्या काथ्यावर काय उगवायचं होतं, जावईबापू? बांगडे?"

तेवढंच! संध्याकाळी मात्र ते लुपेच्या कुंपणाशी बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी सभेत ते उठले, खाकरले. "चोर नव्हता. माझी चूक झाली. काथ्या भरतीनं नेला."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या सभाप्रमुख इओपूने विचारलं, "भरतीनं काथ्या नेला, आणि जाताना दगड परत रचून ठेवले?"

"व्यवस्थित भरती होती."

पेसामिनोला ते सहन होईना. तो खांबाआडून उठला. "बाबा, मी..."

"खाली बस!" सासरे कडाडले. "भरती बोलत नसते!"

सगळी सभा खो-खो हसू लागली. बिनभिंतीच्या गावात कुणाला काय ठाऊक नव्हतं? काथ्या कुटल्याचा आवाज पहिल्याच दिवशी घराघरात पोचला होता; सगळे फक्त दंड कुठवर चढतो ते बघत बसले होते! इओपूने डोळे पुसत निकाल दिला: चोर नसताना चोर म्हणून ओरडलं, गावाची झोप मोडली, म्हणून सेऊमालोंना दंड. किती? त्यांनी स्वतःच ठरवला होता तेवढाच. दयामाया नाही!

शनिवारी लुपे भट्टीत गेली. सासऱ्यांनी तिला शेवटची पपई भरवली आणि पाठ फिरवली. पेसामिनोला त्यांच्यासमोर उभं राहवेना. त्या दिवसापासून तो रोज त्यांच्या शेजारी बसून आफा वळतो. मांडीवरचे केस गेले, कातडी सोलवटली, पण दोरी अजून गांडुळासारखीच होते. पोरं लांबूनच ओरडतात, "भरती आली, काथ्या सांभाळा!"

आणि त्या मेजवानीत, सगळं गाव लुपेवर ताव मारत असताना, पाद्रीबाबांना राहवलं नाही. "सेऊमालो, तेवढी अळंबी उगवली असती तर काय बहार आली असती, नाही?"

सेऊमालोंनी पानावरून मान वर केली नाही.

"आमच्याकडे एकच भुताची टोपी उगवलीय, पाद्रीबाबा," ते म्हणाले, "आणि तिला मी मुलगी देऊन बसलोय."

मग त्यांनी आपल्या पानातला चरबीचा सगळ्यांत चांगला तुकडा उचलला आणि न बघताच जावयाच्या पानात टाकला. पेसामिनोने तो मान खाली घालून खाल्ला. मीठ जरा कमीच होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती!