मचाणावरचा उखाणा

शकुंतलाच्या भावाने, मधुकरने, मस्कतहून तीन वॉकी-टॉकी आणले, तेव्हा सावरगावच्या तिच्या सासरच्या संत्र्याच्या बागेत वानरांचे दिवस भरले असंच सगळ्यांना वाटलं. उद्या नागपूरचा व्यापारी बाग पाहायला येणार होता. आज फळं वाचली तरच सौदा होणार होता.

एक डबा नाल्याकडे नवऱ्याजवळ, उत्तमजवळ दिला. दुसरा सडकेकडे सासऱ्यांजवळ, कवडूजींजवळ. तिसरा घेऊन शकुंतला मधल्या मचाणावर बसली. शेजारी गोफण घेऊन सासू देवकाबाई.

नाल्याकडून वानरं शिरली. शकुंतलाने बटण दाबलं. "अहो, वानरं आली!"

"आलो!" म्हणत कवडूजी मचाणाकडे धावले. लग्न झाल्यापासून देवकाबाईंचं 'अहो' ऐकलं की ते धावतच होते. शकुंतलाने लाजून पदर ओढला. डब्यात बाबांचं 'आलो' ऐकून उत्तम निवांत झाडाखाली आडवा झाला. एक झाड रिकामं झालं.

"मले बोलवायचं तं नाव घे ना!" उत्तम डब्यातून ओरडला.

"नाव कसं घेऊ? शेजारी आत्याजी बसून हायेत!"

देवकाबाईंनी विचार करून निकाल दिला. "उखाण्यात घे. रीत हाय."

कवडूजी सडकेवर परतले आणि वानरंही पुन्हा बागेत शिरली. शकुंतलाने घसा साफ केला. "जामसांवलीच्या मारुतीला रुईच्या पानांचा हार, उत्तमरावांच्या संगतीनं सुखाचा संसार..."

"घाई नोको करू," देवकाबाई म्हणाल्या. "लग्नात याच्याहून चांगला घेतला होता."

"वा, सूनबाई! अजून एक होऊ दे!" सडकेवरून कवडूजी डब्यात शिरले. एक बोलत असला की दुसऱ्याचं ऐकू जात नसे. त्यामुळे 'वानरं आली' हे शब्द उत्तमपर्यंत पोचलेच नाहीत. दोन झाडं गेली.

मग वानरं नाल्याच्या बांधाजवळच्या ओळीत घुसली. उन्हाळ्यात घागरीने पाणी घालून शकुंतलाने ती ओळ जगवली होती. तिला रडू फुटलं आणि राग आला, दोन्ही एकदमच.

"उत्तम! ऊठ! तुह्या डोक्यावर बसून खाऊन राह्यले!"

उत्तम असा उठला की वानरं नाला ओलांडून गेली. ओळ वाचली. पण सासूसमोर नवऱ्याला नावानं हाक गेली होती. शकुंतला मान खाली घालून बसली.

देवकाबाईंनी तिच्या हातातून डबा काढून घेतला. आता हा विहिरीत जाणार, असं शकुंतलाला वाटलं. देवकाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, बटण शोधलं आणि सडकेकडे तोंड केलं.

"कवडू," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डबा कानाशी धरला.

"आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला जी," कवडूजी म्हणाले.