दिगंबरकाकांची शेगडी

आमचे शेजारी दिगंबरकाका घरी कामाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारतात, "तुम्ही दूध कुठून घेता?"

प्लंबर गोंधळतो. छप्पर दुरुस्त करणारा तर घाबरलाच; त्याला दूध पचत नव्हतं. काकांचं म्हणणं मात्र साधं. "माणूस जवळचा पाहिजे. काम बिघडवलं तर दुकानात दुधाच्या फ्रिजपाशी मला तोंड दाखवावं लागेल, ही भीती हवी!"

काका मूळचे नागपूरचे. इथं अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये त्यांनी जन्मभर डेटा सेंटरं थंड ठेवायची नोकरी केली. निवृत्त झाले आणि जाहीर केलं, "आता गरम करणार! हॉलमध्ये लाकडाची शेगडी बसवणार." घरात हीटिंग उत्तम चालत होतं. टेक्सासहून मुलानं फोनवर "बाबा, बट व्हाय?" एवढंच विचारलं. सुमनकाकू त्याला म्हणाल्या, "मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस."

मग कारागीर यायला लागले. जो येई तो "येस सर, नो प्रॉब्लेम सर" म्हणे, आणि काका त्याला चहा पाजून वाटेला लावत.

शेवटी कॅरोल आली. पांढऱ्या केसांची, दणकट बाई. दुधाचा प्रश्न येताच म्हणाली, "तुम्ही घेता तिथूनच. तारीख बघायला मागचे सगळे कॅन उपसता, ते तुम्हीच ना?"

काका चक्क लाजले. त्यांना शेगडी खिडकीखाली हवी होती. कॅरोलनं मान हलवली. "नाही. तिथं पाइपला वळणं द्यावी लागतील, धूर घरात येईल. या भिंतीशी बसवते, धुराडं सरळ छपरातून वर."

"पण तिथं माझा टीव्ही आहे!"

"हलवा."

काका तडक आमच्या दारात. "मला 'नाही' म्हणाली बाप्पा! काम हिलाच."

काम झालं, काउंटीचा इन्स्पेक्टर पास करून गेला, आणि काकांचा पाय जमिनीवर ठरेना. पाहुण्याला घरात घेण्याआधी अंगणात उभं करून धुराडं दाखवत. "आमच्या कॅरोलचं काम! आत चला, एक ठसका लागतो का पाहा बरं."

जानेवारीत बर्फानं तारा तुटल्या. सगळ्या गल्लीची वीज गेली, घरं गारठली. दुपारपर्यंत आम्ही सगळे शेजारी काकांच्या हॉलमध्ये. कॅरोलही धुराडं ठीक आहे ना बघायला आली आणि रमली. काकूंनी शेगडीवरच पिठलं रटरटवलं. एरवी खोलीचं दार लावून जेवणारी माझी लेक गालिच्यावर पत्ते खेळत होती. काका सगळ्यांमधून छाती काढून फिरत होते, आणि खरं सांगते, असा शेजारी आपला आहे याचा मलाही ताठा चढला होता.

संध्याकाळी दिवे लागले. "लाइट्स आर बॅक!" म्हणत पोरं ओरडली. जो तो कोट शोधू लागला.

काकांनी घाईनं शेगडीचं दार उघडलं आणि एक जाडजूड ओंडका आत सारला. "अहो, थांबा की. आत्ताच टाकलाय. वाया जाईल."

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मुलगा इथं होता तेव्हाही आम्ही तिघं तीन खोल्यांत. सगळं घर सारखंच उबदार. एका जागी येऊन बसायला कधी कारणच पडलं नाही गं."

मी कोट पुन्हा खुंटीला अडकवला. लेक खाली बसली. काकांनी कुणाकडे न बघता पत्ते पिसायला घेतले.