चंदनबालाच्या वल्ह्याची रुंदी

आठ इंच.

आर्जवनं कयाकच्या वल्ह्याची दोन्ही पाती एवढी रुंद ठेवली. रुंद पातं जास्त पाणी मागं सारणार, यात न पटण्यासारखं काय होतं? वल्हं बायकोसाठी होतं. चंदनबाला उद्या कृष्णेच्या घाटावरून हरिपूरपर्यंत आणि परत अशा शर्यतीत उतरणार होती. क्लबचं प्लॅस्टिकचं वल्हं तिनं आर्जवच्याच शब्दावर परत केलं होतं. "मी लाकडाचं करतोय की," असं तो म्हणाला होता. हे जमलं नाही, तर तिला घाटावर बसून टाळ्या वाजवाव्या लागणार होत्या.

शेजारचा धनाजी कुंपणावरून वाकला. होड्यांच्या शर्यतीत त्याची हयात गेलेली.

"परात करालायस का रं?"

"वल्हं हाय."

"दोन्ही टोकांस्नी परात? वैनी नाव वल्हवणार का कणीक मळणार? खांदं निखळतील गड्या. सहा कर."

सहा इंच.

म्हणजे उजवं सहा. डावं सव्वासहा. डाव्यावर रंधा फिरवला, ते पावणेसहा झालं. मग पुन्हा उजवं.

पाच.

वडील बाळगोंडा चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"कड सरळ न्हाई."

"आप्पा, मापात हाय."

"मापात आसंल. सरळ न्हाई."

सरळ केली. साडेचार. आता थांबायला हवं होतं. पण रंधा थांबला की आर्जवला दुसरीच कड वाकडी दिसायची, म्हणून रंधा चालूच. चार. अंगणभर लाकडाच्या ढलप्या. धनाजी पुन्हा डोकावला आणि ढलप्यांचा ढीग बघून हसत निघून गेला. ते जास्त झोंबलं.

साडेतीन.

फाटक वाजलं. मिरजेच्या दवाखान्यातली ड्यूटी उरकून चंदनबाला आली होती. तिनं वल्हं उचललं.

"आवं, पातं कुठाय?"

"तेच. आरुंद हाय. लांबच्या पल्ल्याला खांदं भरत न्हाईत."

हे वाक्य त्यानं त्याच क्षणी जुळवलं होतं. बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते थोडंसं पटलं.

दुसऱ्या दिवशी जाताना चंदनबाला सगळ्यांत मागं. आर्जव घाटावर नखं खात उभा. परतताना मात्र समोरून वारा सुटला. बाकीच्यांची रुंद पाती वाऱ्यात अडू लागली, दंड भरून आले. ती काठी फिरवावी तसं वल्हं फिरवत एकेकाला मागं टाकत दुसरी आली.

क्लबचे मानसिंग सर वल्हं हातात घेऊन आर्जवसमोर उभे राहिले. भोवती घोळका.

"ही रुंदी काढली कशी?"

आर्जवनं खरं ते सांगितलं. "कमी कमी करत आणली."

घोळक्यानं माना डोलावल्या.

"म्हणजे अभ्यास हाय," सर म्हणाले.

"सहापातूर मीच आणलं व्हतं," धनाजी मागून बोलला.

मान डोलावली नाही ती फक्त चंदनबालानं. मोटरसायकलवर मागं बसताना तिनं हळूच विचारलं, "थांबलासा कवा?"

"तू आलीस तवा."